उद्योगाचे नेतृत्व आणि मूल्यांची उतरंड

७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्स या कंपनीचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी आपल्या संचालक मंडळाला एक पत्र लिहिले. ताळेबंदात रोख आणि बँकेतील शिल्लक म्हणून दाखवलेल्या रकमेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत, अशी कबुली त्या पत्रात होती. प्रत्यक्ष नफा आणि वह्यांत दाखवलेला नफा यांत सुरुवातीला थोडीच तफावत होती, ती वर्षानुवर्षे वाढत गेली, आणि शेवटी आपली अवस्था वाघावर बसलेल्या माणसासारखी झाली, खाली कसे उतरावे म्हणजे वाघ खाणार नाही हेच कळेना, असे त्यांनी लिहिले होते. त्या एका दिवसात कंपनीच्या शेअरचा भाव सुमारे १७९ रुपयांवरून ४० रुपयांच्या खाली घसरला. कंपनीत तेव्हा ५० हजारांच्या आसपास माणसे कामाला होती.

या प्रकरणातला आर्थिक भाग पुष्कळदा सांगून झाला आहे. नेतृत्वाच्या दृष्टीने त्यात एक वेगळाच पेच आहे. पत्राच्या काही महिने आधी जर कोणी 'यशस्वी उद्योजकाचे गुण' अशी यादी हातात घेऊन राजूंची परीक्षा घेतली असती, तर ते वरच्या श्रेणीत उत्तीर्ण झाले असते. १९८७ साली त्यांनी लहान प्रमाणावर कंपनी सुरू केली होती आणि २००१ पर्यंत ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदवली होती, म्हणजे दूरदृष्टी आणि धडाडी होती. बोलणे मृदू होते. आज महाराष्ट्रातही परिचित असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची सेवा २००५ साली प्रथम हैदराबादेत सुरू झाली, ती त्यांनी उभ्या केलेल्या संस्थेमार्फत, म्हणजे सामाजिक जाणीवही होती. इतकेच काय, २००८ साली त्यांच्या कंपनीला उत्तम कारभारासाठीचा एक आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता, जो नंतर काढून घेण्यात आला. यादीतले सगळे गुण हजर होते, आणि तरीही पाया पोकळ होता. तेव्हा प्रश्न असा, की गुणांच्या यादीतून नेमके काय निसटते?

गुण आणि मूल्य यांतला फरक

हा प्रश्न तसा जुना आहे. नेता जन्मावा लागतो, त्याच्या अंगी काही ठरावीक गुण असतात आणि ते ओळखता आले की नेता ओळखता येतो, असे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक अभ्यासक मानत होते. १९४८ साली राल्फ स्टॉगडिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तोवरच्या अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यातून निघालेला निष्कर्ष थोडक्यात असा होता, की विशिष्ट गुण अंगी आहेत एवढ्यावरून कोणी सर्व परिस्थितींत नेता ठरत नाही; एका प्रसंगी उपयोगी पडलेला माणूस दुसऱ्या प्रसंगी निरुपयोगी ठरू शकतो. संशोधन त्यानंतर पुष्कळ पुढे गेले आहे. गुणांना काहीच महत्त्व नाही असे आज कोणी म्हणत नाही, पण केवळ गुणांच्या यादीवर विसंबून राहणेही कोणी पसंत करत नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे अडचण शब्दांच्या गोंधळात आहे. चिकाटी, निर्णयक्षमता, बोलण्याची हातोटी, जोखीम घेण्याची तयारी हे गुण आहेत, म्हणजे एक प्रकारचे बळ आहे. ते बळ कुठेही लावता येते. खोटा ताळेबंद वर्षानुवर्षे निभावून नेण्यासाठीसुद्धा विलक्षण चिकाटी लागते. मूल्य ही वेगळी गोष्ट आहे. दोन किंवा तीन चांगल्या गोष्टी एकाच वेळी साधणे अशक्य होते, तेव्हा त्यांतली कोणती आधी सोडायची आणि कोणती अखेरपर्यंत धरून ठेवायची, याचे माणसाच्या मनात आधीच ठरलेले जे उत्तर असते, ते त्याचे मूल्य.

जुन्या घरांत मडक्यांची उतरंड असे. मोठे मडके तळाशी, त्यावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान. तळाच्या मडक्याला हात घालायचा तर वरची सगळी आधी उतरवावी लागत. मूल्यांची रचना अशीच असते. प्रामाणिकपणा, नफा, वक्तशीरपणा, कामगारांचे हित, ग्राहकाचे समाधान ही मडकी प्रत्येक उद्योजकाकडे असतात आणि विचारले तर ती सगळीच महत्त्वाची आहेत असे तो मनापासून सांगतो. तळाशी कोणते आहे, हे मात्र काही तरी उतरवण्याची वेळ येते तेव्हाच कळते.

कल्पना करा की कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एक मध्यम आकाराची फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना आहे. शुक्रवारी संध्याकाळी चारशे कास्टिंग्ज, म्हणजे ओतीव भाग पाठवायचे आहेत आणि ट्रक गेटवर उभा आहे. शेवटच्या तपासणीत काही नगांना ब्लोहोल, म्हणजे ओतताना हवा अडकून राहिलेली छिद्रे सापडतात. लॉट थांबवला तर सोमवारी ग्राहकाची लाइन बंद पडेल, दंड बसेल, आणि या बिलाच्या पैशांवर अवलंबून असलेले कामगारांचे पगार पुढे जातील. माल पाठवला तर बहुधा कोणाच्या लक्षातही येणार नाही. इथे वेळ पाळणे हे मूल्य आहे, पगार वेळेवर करणे हेही मूल्य आहे आणि सदोष माल न देणे हेही मूल्यच आहे. लबाडी आणि सचोटी असा सोपा सामना इथे नाही. मालक त्या पंधरा मिनिटांत काय करतो हे तपासणी विभागातला मुलगा पाहत असतो, सुपरवायझर पाहत असतो आणि ट्रकजवळ उभा असलेला हमालही पाहत असतो. भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या गुणवत्ता धोरणापेक्षा ही पंधरा मिनिटे त्या सर्वांच्या लक्षात अधिक काळ राहतात, आणि पुढच्या वेळी मालक गावाला गेलेला असताना सुपरवायझर जो निर्णय घेईल, तो या आठवणीवरूनच घेईल.

लेखी अग्रक्रम आणि त्याची कसोटी

मूल्यांचा हा क्रम लेखी स्वरूपात मांडल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीचे आहे. १९४३ साली कंपनीचे प्रमुख रॉबर्ट वुड जॉन्सन यांनी एक छोटे निवेदन लिहिले. त्यात कंपनीच्या जबाबदाऱ्या क्रमाने दिल्या होत्या: प्रथम डॉक्टर, परिचारिका, रुग्णालये, माता आणि कंपनीची उत्पादने वापरणारे सर्व लोक, मग कर्मचारी, मग समाज, आणि सर्वांत शेवटी भागधारक. आपण ज्यांच्याविषयी बोलत आहोत ते सगळेच महत्त्वाचे, असे गुळगुळीत विधान न करता त्यांनी भागधारकांना उघडपणे शेवटी बसवले, हे त्या निवेदनाचे वैशिष्ट्य.

जेम्स बर्क हे १९७६ साली कंपनीचे प्रमुख झाले. भिंतीवर टांगलेल्या या निवेदनावर लोकांचा खरोखर विश्वास आहे का, अशी शंका त्यांना होती. म्हणून त्यांनी वरिष्ठ व्यवस्थापकांच्या बैठका घेतल्या आणि त्यांच्यापुढे सरळ पर्याय ठेवला: हे पटत असेल तर त्याप्रमाणे वागा, पटत नसेल तर बदला किंवा काढून टाका. या बैठकांत चांगलेच वाद झाले. मला बर्क यांच्या कारकिर्दीतला हा भाग पुढच्या प्रसिद्ध प्रसंगापेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण संकटात सुचलेला शहाणपणा हा बहुतेक वेळा शांततेच्या काळात घातलेल्या वादांचा परिणाम असतो.

तो प्रसंग १९८२ च्या सप्टेंबरअखेरीचा. शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक कॅप्सूल घेतलेल्या सात जणांचा मृत्यू झाला. दुकानांतल्या बाटल्यांमध्ये कोणी तरी सायनाइड भरलेल्या कॅप्सूल मिसळल्या होत्या. दोष कारखान्यातला नव्हता. गुन्हेगार बाहेरचा होता आणि तो कधीच सापडला नाही. टायलेनॉलचा वेदनाशामकांच्या बाजारातला वाटा एक तृतीयांशाहून अधिक होता, आणि कंपनीच्या नफ्यात या एका औषधाचा भाग मोठा होता. शिकागोपुरता माल परत घेऊन 'आमची चूक नाही' असे सांगणे कायद्याने पुरेसे ठरले असते. देशभरातून माल मागे घेतला तर गुन्हेगाराला आणखी चेव येईल, अशी भीतीही सरकारी यंत्रणांतून व्यक्त झाली होती. बर्क यांनी तरीही देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या. त्यासाठी १० कोटी डॉलरहून अधिक खर्च आला आणि बाजारातला वाटा काही आठवड्यांतच आठ टक्क्यांच्या आसपास आला. बाटली उघडली गेली आहे की नाही हे ग्राहकाला दिसावे असे तिहेरी सीलबंद वेष्टन घेऊन कंपनी त्याच वर्षी पुन्हा बाजारात उतरली आणि गमावलेला वाटा तिने हळूहळू परत मिळवला. आज औषधाच्या बाटलीचे झाकण उघडण्यापूर्वी आपल्याला जे सील फाडावे लागते, त्याच्या प्रसारामागे ही घटना आहे. १९८६ साली न्यूयॉर्क राज्यात असाच एक मृत्यू झाला, तेव्हा कंपनीने दुकानातून मिळणाऱ्या आपल्या औषधांत कॅप्सूल हा प्रकारच बंद केला.

ही कथा व्यवस्थापनाच्या वर्गांत इतकी सांगितली जाते की तिचे सुभाषित होऊन बसले आहे, म्हणून तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. याच कंपनीच्या बेबी पावडरविरुद्ध पुढच्या काळात अमेरिकेत हजारो दावे दाखल झाले. पावडर सुरक्षित असल्याचे कंपनी सातत्याने सांगत राहिली, तरी टाल्क हे खनिज असलेल्या बेबी पावडरची विक्री तिने २०२० साली अमेरिका आणि कॅनडात, तर २०२३ साली जगभरात थांबवली. त्या दाव्यांतले खरेखोटे ठरवणे हा या लेखाचा विषय नाही. पण १९४३ चे निवेदन कंपनीत तेव्हाही होते आणि आजही आहे. तरीही ग्राहकांचा एक मोठा गट कंपनीवर अविश्वास दाखवत न्यायालयाच्या दारात उभा राहिला. लेखी अग्रक्रम वारशात मिळतो, त्याच्यामागचा विश्वास मात्र प्रत्येक पिढीतल्या प्रमुखाला पुन्हा नव्याने कमवावा लागतो.

किर्लोस्करवाडीचा माणूस

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर मला लक्ष्मणराव किर्लोस्कर घ्यावेसे वाटतात. मराठी वाचकाला हे आडनाव पंपांइतकेच मासिकांमुळे परिचित आहे, पण लक्ष्मणरावांच्या आयुष्याकडे नेतृत्वाचा अभ्यास म्हणून फारसे पाहिले जात नाही. त्यांच्याविषयी बहुतेक वेळा चरित्रगौरवाच्याच सुरात बोलले जाते.

त्यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, पण काही रंगांतला फरक आपल्या डोळ्यांना कळत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी रंगकाम सोडून यांत्रिक रेखाटन आपलेसे केले. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. स्वतःची उणीव स्पष्टपणे मान्य करणे आणि तिच्यावर रडत न बसता जे येते ते अधिक नेटाने करणे, हा गुण त्यांच्या पुढच्या आयुष्यात वारंवार दिसतो. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शिकवण्याचे काम केले; तिथे बढतीच्या वेळी आपल्याला डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला वर नेल्यावर त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात भाऊ रामुअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान चालवले, तिथूनच कडबा कापण्याची यंत्रे आणि मग लोखंडी नांगर, असा प्रवास झाला.

लोखंडी नांगर शेतकरी घेईनात. लोखंडाने जमिनीत विष उतरते, असा समज होता. पहिला नांगर विकला जायला जवळपास दोन वर्षे लागली असे सांगतात. आजच्या भाषेत याला 'ग्राहक जागृतीचा अभाव' म्हणून मोकळे होता येईल, पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याची शंका अगदीच वेडगळ नव्हती. ज्याची वर्षभराची भाकरी त्या मातीत आहे, तो एका यंत्रवाल्याच्या शब्दावर मातीशी प्रयोग का करील? अशा वेळी उद्योजकापुढे दोन वाटा असतात: ग्राहकाला अडाणी ठरवणे, किंवा आपला माल त्याच्या भीतीपेक्षा अधिक भरवशाचा आहे हे सिद्ध होईपर्यंत थांबणे. थांबण्याचा खर्च मोठा असतो, कारण विक्री नसली तरी भट्टी आणि पगार थांबत नाहीत. धीर हा इथे मनाचा गुण राहत नाही, त्याला रोजच्या रोज पैसे मोजावे लागतात.

आणि मग जागाच गेली. नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी जमीन हवी होती, म्हणून बेळगावातला कारखाना हलवण्याची वेळ आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ ३२ एकर माळरान आणि १० हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. १९१० साली २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तिथे आले. निवडुंग आणि नाग यांशिवाय त्या माळावर काही नव्हते. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी.

या घटनेत दोन गोष्टी थांबून पाहण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे राजाने कर्ज दिले, ते कशाच्या तारणावर? कारखान्याची जागा गेलेल्या माणसाजवळ गहाण ठेवण्यासारखे फारसे नव्हते. मराठीत यासाठी 'पत' हा नेमका शब्द आहे. बाजारात पत म्हणजे कर्ज मिळण्याची क्षमता आणि समाजात पत म्हणजे शब्दाची किंमत. एकाच शब्दात दोन्ही अर्थ यावेत हा योगायोग नाही. सचोटी हे मूल्य आहे आणि भांडवलही आहे, फक्त त्या भांडवलावर व्याज केव्हा मिळेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून ते जमवण्याचा कंटाळा येतो. दुसरी गोष्ट त्या २५ कुटुंबांची. मालक माळावर जातो, कारण धंदा त्याचा आहे. कामगाराला तसे बंधन नसते. निवडुंगाच्या माळावर बायकामुलांसह जाणाऱ्या त्या माणसांनी एक प्रकारे मालकाला कर्जच दिले होते, आणि त्या कर्जाची नोंद कुठल्याही वहीत नव्हती.

किर्लोस्करवाडीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळण्यास बंदी केली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले, ही गोष्ट तर आजही ऐकणाऱ्याला थबकवते. माणसावर विश्वास ठेवावा असे प्रत्येक मालक भाषणात म्हणतो. लक्ष्मणरावांनी आपल्या वस्तीचा आणि मालमत्तेचा पहारा त्याच माणसांच्या हाती दिला, म्हणजे विश्वास चुकला असता तर तोटा सर्वांत आधी त्यांचा झाला असता. विश्वास हे मूल्य तपासण्याची ही एक चांगली खूण आहे: ज्याने विश्वास टाकला, जोखीमही त्याचीच आहे, की ती त्याने गुपचूप दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवली आहे?

वाईट बातमी वरपर्यंत कशी पोहोचते

सत्यमकडे परत वळू. सुरुवातीला थोडीच तफावत होती, हे राजूंच्या पत्रातले सांगणे खरे मानले, तर त्या क्षणी सुटकेचा मार्ग स्वस्त होता: एक तिमाही वाईट गेली असे जाहीर करायचे, शेअर थोडा पडू द्यायचा आणि कामाला लागायचे. ते झाले नाही, कारण वाईट बातमी सांगण्याची सवयच वरपासून नव्हती. २०१५ साली विशेष न्यायालयाने राजूंना आणि इतरांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली, त्या शिक्षेला पुढे वरच्या न्यायालयाने स्थगिती दिली. कंपनी मात्र २००९ सालीच टेक महिंद्राकडे गेली आणि तिथल्या हजारो नोकऱ्या त्यामुळे वाचल्या.

प्रामाणिकपणाला आपण व्यक्तीचा सद्गुण मानतो. संस्थेत मात्र तो बराचसा वातावरणावर अवलंबून असतो, आणि ते वातावरण प्रमुखाच्या स्वभावातून तयार होते. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील गटांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना वाटले होते की चांगले नेतृत्व असलेल्या गटांत औषधे देताना चुका कमी होत असतील. आकडे उलटे आले; चांगल्या गटांत चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या. बारकाईने पाहिल्यावर उलगडा झाला, की त्या गटांत चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. जिथे प्रमुख चिडणारा होता, तिथे चुका दबत होत्या आणि कागदावर सारे आलबेल दिसत होते. ज्या वर्कशॉपमध्ये रिजेक्शनचा, म्हणजे सदोष म्हणून बाजूला काढलेल्या नगांचा आकडा कायम शून्याच्या आसपास असतो, तिथे एकतर काम अपवादात्मक चांगले चालले आहे किंवा मालकाचा राग फार वाईट आहे. पुष्कळदा दुसरे कारण खरे असते.

वाईट बातमी दुसऱ्याकडून ऐकण्याइतकेच ती स्वतःला सांगणेही अवघड असते. इंटेल कंपनी मेमरी चिपच्या धंद्यातून मोठी झाली होती. १९८५ च्या सुमारास जपानी कंपन्यांपुढे त्या धंद्यात तिचा टिकाव लागेना, तेव्हा अँडी ग्रोव्ह यांनी आपले सहकारी गॉर्डन मूर यांना विचारले, की आपल्याला काढून संचालकांनी नवा प्रमुख आणला तर तो काय करील? मूर म्हणाले, तो मेमरीतून बाहेर पडेल. मग आपणच दारातून बाहेर जाऊन परत आत येऊ आणि तेच करू, असे ग्रोव्ह यांनी सुचवले. आपल्याच जुन्या यशाकडे परक्याच्या नजरेने पाहता येणे हा गुण दुर्मीळ आहे. वडिलांनी सुरू केलेले दुकान किंवा आजोबांच्या नावाचा कारखाना चालवणाऱ्यांना तर तो अधिकच जड जातो, कारण तिथे धंदा सोडणे हे वडिलांचा अपमान केल्यासारखे वाटते.

वातावरण स्वभावातून तयार होते हे खरे असले, तरी स्वभावावर सोडून चालत नाही. अल्कोआ या अमेरिकी ॲल्युमिनियम कंपनीत पॉल ओनील यांनी हे ज्या पद्धतीने केले, ते समजून घेण्यासारखे आहे. १९८७ साली प्रमुखपद घेतल्यावर गुंतवणूकदारांपुढच्या पहिल्याच भाषणात त्यांनी नफा, विक्री किंवा खर्चकपात यांपैकी कशानेही सुरुवात केली नाही. कामगारांची सुरक्षितता हा आपला पहिला विषय असेल आणि एकही अपघात होऊ नये हे ध्येय असेल, असे त्यांनी सांगितले. ऐकणारे गोंधळले, काहींनी तर शेअर विकण्याचा सल्ला दिला. काही महिन्यांनी ॲरिझोनातल्या कारखान्यात बंद पडलेले यंत्र सुरू करण्यासाठी कठडा ओलांडून गेलेला एक कामगार यंत्राचा दांडा लागून मरण पावला. त्याने नियम मोडला होता, असे म्हणून फाइल बंद करता आली असती. ओनील यांनी अधिकाऱ्यांना एकत्र बोलावून सांगितले की या माणसाला आपण मारले, आणि ही माझ्या नेतृत्वाची चूक आहे.

हे बोलून ते थांबले असते तर तो एक हृद्य प्रसंग तेवढा उरला असता. त्यांनी नियम केला: कोणालाही दुखापत झाली की त्या विभागाच्या प्रमुखाने २४ तासांत ती थेट ओनील यांना कळवायची, आणि ती पुन्हा होऊ नये यासाठीची योजनाही सोबत द्यायची. आता २४ तासांत कळवायचे तर विभागप्रमुखाला ते आधी कारखाना व्यवस्थापकाकडून कळले पाहिजे, त्याला फोरमनकडून आणि फोरमनला कामगाराकडून. दुखापत का झाली हे सांगायचे तर यंत्र का अडकले हे कळले पाहिजे, म्हणजे उत्पादनातल्या चुकाही आपोआप बोलल्या जाऊ लागल्या. सुरक्षिततेसाठी खणलेल्या पाटातून गुणवत्तेचे आणि खर्चाचे पाणीही वाहू लागले. शंभर कामगारांमागे कामाचा दिवस बुडवणाऱ्या दुखापतींचे प्रमाण १.८६ वरून २००० पर्यंत ०.२ च्या आसपास आले, आणि त्याच काळात कंपनीचा नफा सुमारे पाचपट झाला. ओनील यांनी कामगारांना आपल्या घरचा दूरध्वनी क्रमांक दिला होता, आणि सुधारणेत अडथळा आणणाऱ्या वरिष्ठाची तक्रार थेट करण्याची मुभाही दिली होती. मूल्य जेव्हा अशा साध्या, कंटाळवाण्या कार्यपद्धतीत उतरते, तेव्हाच ते प्रमुखाच्या गैरहजेरीतही काम करते. भारतात लहान उद्योग चालवणाऱ्यालाही यातले बरेचसे करता येते; त्यासाठी लागते ती एक वही, रोज ठरलेल्या वेळी तिच्यावर नजर टाकण्याची शिस्त, आणि वहीत चूक लिहिणाऱ्याला त्या दिवशी न ओरडण्याचा संयम. तिसरी गोष्ट पहिल्या दोहोंपेक्षा महाग पडते.

ओनील यांची उतरंड किती पक्की होती याची परीक्षा १९९६ साली झाली. भागधारकांच्या सभेत एका ननने उठून सांगितले, की मेक्सिकोतल्या एका कारखान्यात वायुगळतीमुळे कामगार आजारी पडले होते आणि कंपनी मात्र आपल्या सुरक्षिततेचे गोडवे गात आहे. ओनील यांनी चौकशी लावली. कामगारांना त्रास झाला होता आणि तिथला बिघाड दुरुस्तही झाला होता, पण त्याची माहिती वरपर्यंत पाठवलीच गेली नव्हती, असे आढळले. त्या विभागाचा प्रमुख कंपनीतला जुना आणि यशस्वी अधिकारी होता. त्याच्या हाताखाली विक्री वाढली होती. अपघात घडला म्हणून नव्हे, तर तो कळवला नाही म्हणून ओनील यांनी त्याला कामावरून कमी केले. बाहेरच्या उद्योगजगताला या निर्णयाने धक्का बसला. अल्कोआतल्या लोकांना मात्र त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही दिसले नाही, कारण २४ तासांचा नियम ते नऊ वर्षे पाळत आले होते.